५५ अंशांवर वाढणारी बुरशी आणि तिच्यातली प्रथिनसंकुले: कीटोमियम थर्मोफायलममध्ये टॅग लावण्यापासून शुद्धीकरणापर्यंत

यीस्टमध्ये जनुकाला टॅग (प्रथिनाला जोडलेली, पकडता येणारी छोटी खूण) लावून संकुल (एकत्र काम करणाऱ्या प्रथिनांचा समूह) बाहेर काढणे आज बहुतेक जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत नित्याचे आहे. तीच पद्धत उष्णताप्रिय बुरशीवर नेली की मात्र जागोजागी अडते. कारण साधे आहे. यीस्टच्या प्रोटोकॉलमध्ये ३० अंश हे तापमान न लिहिता गृहीत धरलेले असते. प्रतिजैविक, त्याला निष्प्रभ करणारे एन्झाइम, अगार, पॅराफिल्म, फ्लास्कमधले पाणी, हिरवा चमकणारा टॅग, बफरचा सामू, या सगळ्यांचा हिशेब ५५ अंशांना नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब कुठे कुठे बदलतो, ते इथे क्रमाने सांगितले आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचाराल तर उत्तर प्रथिनांच्या टिकाऊपणात आहे. कीटोमियम थर्मोफायलम ही ५० ते ५५ अंश सेल्सिअसला जोमाने वाढणारी, ६० अंशांपर्यंत तग धरणारी बुरशी. ती केंद्रक असलेली, म्हणजे आपल्याच गटातली पेशी. त्यामुळे जिवाणूंमध्ये मुळात नसलेली संकुले, उदाहरणार्थ केंद्रकछिद्र किंवा रायबोसोम जुळतानाची ९०एस ही सुरुवातीची अवस्था, तिच्यात सापडतात आणि यीस्टच्या तुलनेत बहुधा कमी विस्कटतात. २०११ मध्ये हायडेलबर्गच्या गटांनी तिचा जिनोम प्रसिद्ध केला. तो सुमारे २८ दशलक्ष बेस-जोड्यांचा असून त्यात प्रथिनांची जनुके सात हजारांहून थोडी जास्त आहेत. केंद्रकछिद्राच्या घटकांची जोडणी समजून घेण्यासाठी तो लगेच वापरलाही गेला. पण तेव्हा जनुके ई. कोलाय किंवा यीस्टमध्ये नेऊन प्रथिने बनवावी लागत. खुद्द या बुरशीत जनुक घालण्याची पद्धत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. याच बुरशीतून काढलेल्या ९०एस पूर्व-रायबोसोमची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची रचनाही २०१६ मध्येच समोर आली.

सुरुवातीआधी काय जमवायचे

जीव आणि कागदपत्रे: डीएसएम १४९५ हा स्ट्रेन (जिनोम याचाच आहे), संस्थात्मक जैवसुरक्षा समितीकडे केलेली नोंद, प्लाझ्मिड मागवणार असाल तर मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट.

उपकरणे: ५५ अंश स्थिर ठेवणारा शेकर-इन्क्युबेटर, प्लेटसाठी वेगळा इन्क्युबेटर व त्यात पाण्याचा ट्रे, साधा ब्लेंडर, स्टीलची बारीक जाळी, मिराक्लॉथ (गाळण्याचे कापड), पेशी मोजायची काचपट्टी, फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक, द्रवरूप नायट्रोजन, गोळ्यांची मिक्सर मिल, थंड ठेवता येणारा हाय-स्पीड सेंट्रिफ्यूज.

रसायने: टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइड (शुद्ध पावडर, औषधाच्या गोळ्या कुटून वापरू नका, त्यातले भरणद्रव्य मात्रा बिघडवते), पेशीभित्ती विरघळवणारे बुरशीजन्य एन्झाइम मिश्रण, सॉर्बिटॉल, पीईजी ४००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), कॅल्शियम क्लोराइड, आयजीजी-सेफरोज, अँटी-फ्लॅग अगारोज, फ्लॅग पेप्टाइड, टीईव्ही प्रोटिएज.

१. परवानगी आणि मूळ कल्चर

ही बुरशी सर्वात कमी जोखमीच्या गटात मोडते. तरीही भारतात जनुकबदल केलेल्या कोणत्याही सूक्ष्मजीवाला १९८९ चे नियम लागू होतात, म्हणून पहिला कागद संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जातो. प्रयोग कोणत्या वर्गात बसतो आणि परदेशातून कल्चर आणायला कोणती संमती लागते, हे समितीच्या सचिवांकडून लेखी घ्या. तोंडी 'चालेल' पुरत नाही. पार्सल कस्टममध्ये अडकते आणि तोवर बर्फ वितळलेला असतो.

'आपल्याकडे कंपोस्टमध्ये, कुजत्या पेंढ्यात उष्णताप्रिय बुरशा भरपूर आहेत, आपलीच वेगळी करून वापरू' हा विचार सर्वेक्षणासाठी छान आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे ओळख पटवून घेता येते. पण संकुलाच्या कामासाठी पहिला स्ट्रेन डीएसएम १४९५ च घ्या. जिनोम जुळत नसेल तर प्रायमर चुकतात आणि पुढे मास स्पेक्ट्रोमेट्रीत पेप्टाइडही ओळखले जात नाहीत.

२. आधी बुरशी नीट वाढवा

जनुकाला हात लावण्याआधी दोन-तीन आठवडे नुसती वाढ बसवण्यात घालवा. सीसीएम हे वाढीचे माध्यम एका लिटरला असे: सुक्रोज ३ ग्रॅम, डेक्स्ट्रिन १५ ग्रॅम, ट्रिप्टोन ५ ग्रॅम, पेप्टोन १ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, सोडियम क्लोराइड ०.५ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट (३ पाण्याचे) ०.६५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (७ पाण्याचे) ०.५ ग्रॅम, फेरिक सल्फेट ०.०१ ग्रॅम, सामू ७.१. प्लेटसाठी यात २ टक्के अगार. त्याहून कमी अगार ५५ अंशांना मऊ पडतो आणि पाणी सोडतो.

प्लेटवरच्या ताज्या कडेचा तुकडा घ्या, मधला जुना भाग नको. तो १०० मिलीलिटर माध्यमात टाकून ५५ अंशांवर सावकाश, मिनिटाला ९० ते १०० फेऱ्यांच्या वेगाने हलवा. मायसेलियमचे (बुरशीच्या तंतूंच्या जाळ्याचे) गोळे तयार होतात. गोळ्याच्या आत हवा पोहोचत नाही आणि तिथला भाग म्हातारा होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी निर्जंतुक ब्लेंडरमध्ये काही सेकंदांचे दोन-तीन झटके देऊन तंतू तोडा आणि त्यातला थोडा भाग ताज्या माध्यमात घाला. हे दोनदा केले की बारीक, एकसारखी, फिकट वाढ मिळते. प्रोटोप्लास्टसाठी (पेशीभित्ती काढलेल्या पेशींसाठी) आणि प्रथिनासाठी हीच हवी. कल्चर गडद होऊ लागले की ते वापरू नका.

इथे तीन सापळे आहेत. पहिला बाष्पीभवनाचा. ५५ अंशांना फ्लास्कमधले पाणी भराभर उडते आणि माध्यम घट्ट होत जाते. शेकरमध्ये पाण्याचा ट्रे ठेवा आणि फ्लास्कवर सुरुवातीच्या पातळीची खूण करा. दुसरा पॅराफिल्मचा. साधारण ६० अंशांना ती वितळते, त्याआधीच मऊ होऊन चिकटते. प्लेटा छिद्रे पाडलेल्या पिशवीत, ओलसर इन्क्युबेटरमध्ये ठेवा. तिसरा सापळा संसर्गाबद्दलच्या खोट्या निश्चिंतीचा. बाहेरची बुरशी ५५ अंशांना सहसा येत नाही हे बरोबर, पण उष्णताप्रिय बॅसिलस जातीचे जिवाणू आनंदाने येतात. गढूळ माध्यम, आंबूस वास किंवा तंतूंमधून हलणारे दांडे दिसले की कल्चर टाकून द्या.

चांगली वाढ हाती आली की लगेच बारीक केलेले मायसेलियम ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवा, किमान दहा नळ्या. वारंवार प्लेटीवरून प्लेटीवर नेलेला स्ट्रेन मंदावतो आणि हे उशिरा लक्षात येते.

३. जनुक निवडा, त्याची नोंद तपासा

या जिनोममध्ये जनुकांची नावे 'सीटीएचटी' या उपसर्गाने येतात. यीस्टच्या प्रथिनाचा क्रम घेऊन शोधले की जोडीदार बहुधा सापडतो. पण मिळालेली नोंद जशीच्या तशी धरू नका. सुरुवातीची एटीजी (प्रथिन जिथून सुरू होते तो संकेत) कुठे आहे आणि इन्ट्रॉन (जनुकातला, प्रथिनात न येणारा तुकडा) कुठे संपतो, यांत चुका असतात. २०१४ मध्ये आरएनए आणि प्रथिनांची माहिती जोडून पूर्ण जिनोमची फेरनोंदणी करावी लागली ती याचमुळे. जवळच्या पाच-सहा बुरशांतले तेच प्रथिन शेजारी मांडा. तुमच्याच प्रथिनाला सुरुवातीला पन्नास-साठ अमिनो आम्लांची शेपटी जास्त असेल, किंवा मध्येच एखादा जपलेला भाग गायब असेल, तर नोंद संशयास्पद आहे. एन-टोकाला (प्रथिनाच्या सुरुवातीला) टॅग लावणार असाल तर ही तपासणी टाळता येत नाही.

बुरशीत परत घालायचे जनुक जिनोमिक डीएनएवरून, इन्ट्रॉनसह उचला. ई. कोलायमध्ये प्रथिन बनवायचे असेल तरच सीडीएनए (इन्ट्रॉन नसलेली प्रत).

कोणत्या घटकाला टॅग लावायचा हा निर्णय बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे. संकुलाच्या गाभ्यात दडलेले टोक टॅगला जागा देत नाही. आधी यीस्टमध्ये ज्या टोकाला टॅग लावून काम झाले आहे ते पाहा, मग रचनेच्या अंदाजात ते टोक मोकळे दिसते का तपासा. शक्य असेल तर एकाच संकुलाचे दोन वेगळे घटक निवडा. एक अपयशी ठरला तरी काम थांबत नाही, आणि दोघांनी आणलेली प्रथिने सारखी निघाली तर निकालावर विश्वास ठेवता येतो.

४. प्लाझ्मिड

प्लाझ्मिडमध्ये दोन कॅसेट लागतात: निवडीचा मार्कर (डीएनए मिळालेल्या पेशीच औषधात जगू देणारे जनुक) आणि तुमचे टॅग लावलेले जनुक.

नवा माणूस सर्वाधिक वेळ मार्करवरच गमावतो. बुरशीच्या कामात हायग्रोमायसिनविरोधी जनुक सर्रास वापरले जाते, पण त्याचे एन्झाइम मध्यम तापमानाच्या जिवाणूतले आहे. ५० अंशांपलीकडे ते उलगडते आणि जनुक आत जाऊनही पेशी मरते. तापमान खाली आणून निवड करावी, तर बुरशीच मंद वाढते आणि निकाल धूसर होतो. २०१६ च्या पद्धतीत यावर देखणा तोडगा आहे. त्यात बुरशीचे स्वतःचेच एर्ग-१ हे जनुक मार्कर म्हणून वापरतात. ते स्क्वॅलीन इपॉक्सिडेस हे एन्झाइम बनवते आणि टर्बिनाफिन हे औषध नेमके त्याच एन्झाइमला अडवते. अ‍ॅक्टिनसारख्या सतत चालू असणाऱ्या जनुकाच्या प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या भागाखाली) एर्ग-१ ची जादा प्रत दिली की एन्झाइम इतके बनते की औषध पुरे पडत नाही. एन्झाइम घरचेच असल्याने उष्णतेचा प्रश्नच उरत नाही.

टॅग म्हणून प्रोटीन-ए (आयजीजी या प्रतिपिंडाला चिकटणारे), मध्ये टीईव्ही या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमची काप-जागा आणि मग फ्लॅग (अँटी-फ्लॅगला चिकटणारे छोटे पेप्टाइड), अशी जोडी घ्या. दोन टप्प्यांचे शुद्धीकरण त्यावर चालते. टॅग आणि प्रथिन यांच्यामध्ये दहा-पंधरा अमिनो आम्लांचा लवचीक दुवा ठेवा. तो नसेल तर टीईव्ही आत पोहोचत नाही. नेहमीच्या हिरव्या फ्लुरोसंट प्रथिनावर विसंबू नका. त्याची घडी ऊब वाढली की नीट पडत नाही, आणि चमक दिसली नाही म्हणजे प्रथिन बनले नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

प्रमोटर निवडताना आधी एक गोष्ट समजून घ्या. या बुरशीत बाहेरून दिलेला डीएनए बहुतांशी जिनोममध्ये कुठेही, आपल्या मनाप्रमाणे बसतो. म्हणजे मूळ, टॅग नसलेली प्रत जागेवरच राहते आणि संकुलात जागा मिळवण्यासाठी टॅगवाल्या प्रतीशी स्पर्धा करते. फक्त संकुल बाहेर काढायचे असेल तर हे चालून जाते, कारण आयजीजी टॅगवालेच उचलते. उत्पन्न कमी येते इतकेच. जनुकाचा स्वतःचा, सुमारे एक किलोबेसचा प्रमोटर वापरला तर प्रमाण नैसर्गिकतेच्या जवळ राहते. जोरदार प्रमोटर वापरला तर जादा प्रथिन जोडीदाराविना सुटे तरंगते, आणि जेलवर एकच ठळक पट्टी पाहून आनंद होतो तो फसवा असतो.

उत्परिवर्तित प्रथिनाचा परिणाम पाहायचा असेल तर मात्र मूळ प्रतीची उपस्थिती खरी अडचण आहे. दोन वाटा आहेत. एक म्हणजे मूळ जागेवर अदलाबदल. त्यासाठी दोन्ही बाजूंना लांब समरूप पट्टे लागतात आणि असंख्य कॉलन्या तपासाव्या लागतात. न्यूरोस्पोरात २००४ पासून सिद्ध झालेली युक्ती म्हणजे डीएनएची टोके जशी मिळतील तशी जोडणारी केयू प्रथिनांची यंत्रणा आधी काढून टाकणे. दुसरी वाट सोपी आहे: मूळ प्रतीवर मात करणारे, म्हणजे प्रभावी उत्परिवर्तन निवडा आणि ते हवे तेव्हाच चालू करा. २०२१ मध्ये या बुरशीतले झायलोजने चालू होणारे आणि ग्लुकोजने दबणारे प्रमोटर प्रसिद्ध झाले आहेत. ते वापरताना वरचे सीसीएम जसेच्या तसे चालत नाही. डेक्स्ट्रिन तुटून ग्लुकोज सुटतो आणि प्रमोटर दबलेलाच राहतो. प्रेरणेच्या टप्प्यात मायसेलियम धुऊन झायलोजच्या माध्यमात हलवा.

५. टर्बिनाफिनची मात्रा स्वतः ठरवा

डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये साठवणीचे द्रावण करून उणे २० अंशांवर लहान हिश्श्यांत ठेवा. मूळ स्ट्रेन ०, ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर अशा प्लेटांवर लावा. वाढ पूर्ण थांबते ती सर्वात कमी मात्रा शोधा आणि त्याच्या थोडे वर राहा, ०.५ च्या आसपास अपेक्षा ठेवा. ही चाचणी मायसेलियमच्या तुकड्याने केली तर मात्रा जास्त दिसते, कारण जाड तुकड्यातले आतले तंतू औषधापासून झाकलेले असतात. ब्लेंडरमधून काढलेल्या बारीक मायसेलियमने करा, आणि पुढे प्रोटोप्लास्टनेही एकदा.

६. प्रोटोप्लास्ट

या बुरशीच्या प्रयोगशाळेतल्या वाढीत सहज गोळा होणाऱ्या कोनिडिया (बीजाणू) हाती येत नाहीत, म्हणून सगळे काम तंतूंवरच चालते. त्यामुळे तंतूंचे वय निर्णायक ठरते. बारीक केलेले कल्चर संध्याकाळी ताज्या माध्यमात घाला आणि दुसऱ्या सकाळी उचला. जाळीवर गाळा, १.२ मोलर सॉर्बिटॉलने धुवा आणि हलके पिळा.

ओले मायसेलियम १ ग्रॅम असेल तर एन्झाइमचे द्रावण १० मिलीलिटर घ्या. एन्झाइम १.२ मोलर सॉर्बिटॉलमध्ये मिलीलिटरला १० ते २० मिलिग्रॅम, ताजे विरघळवलेले आणि ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेले असावे. तापमान ३० ते ३७ अंश. बुरशी उष्णताप्रिय असली तरी भित्ती खाणारे एन्झाइम तसे नाही. ते ५५ अंशांवर ठेवले तर मरते. फार सावकाश हलवा आणि पहिल्या तासानंतर दर अर्ध्या तासाने थेंब पाहा. गोल, चमकदार कडेचे गोळे तंतूंमधून सुटताना दिसतात. साधारण २ ते ४ तासांत थांबा. जास्त वेळ ठेवले की संख्या वाढत नाही, फुटके मात्र वाढतात.

एन्झाइमचा प्रत्येक लॉट वेगळा निघतो आणि काही जुनी मिश्रणे बाजारातून गेली आहेत. नवा लॉट आला की छोटी चाचणी घेऊनच मोठे काम लावा.

मिराक्लॉथमधून गाळा, ४ अंशांवर २,००० जी ला १० मिनिटे फिरवा. गोळा एसटीसी बफरमध्ये (१.२ मोलर सॉर्बिटॉल, १० मिलीमोलर ट्रिस सामू ७.५, ५० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड) दोनदा धुवा. पिपेटचे टोक कापून रुंद करा. मोजणी करून मिलीलिटरला १० कोटींच्या आसपास आणा. त्याच दिवशी वापरा.

७. डीएनए आत घालणे

प्लाझ्मिड दोन्ही कॅसेटबाहेर एकदाच कापणाऱ्या एन्झाइमने सरळ करा, अल्कोहोलने साका करून धुवा आणि १० मायक्रोग्रॅम डीएनए जास्तीत जास्त १५ मायक्रोलिटर पाण्यात घ्या. त्यात मीठ उरले तर कॉलन्या नुसत्या घटतात, दुसरे काही लक्षण दिसत नाही.

१०० ते २०० मायक्रोलिटर प्रोटोप्लास्टमध्ये डीएनए मिसळून बर्फात २० ते ३० मिनिटे ठेवा. पीईजीचे द्रावण (६० टक्के पीईजी ४०००, ५० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, ५० मिलीमोलर ट्रिस सामू ७.५) आधी २००, मग २००, मग ८०० मायक्रोलिटर असे घाला आणि प्रत्येक वेळी नळी हातात फिरवून मिसळा. खोलीच्या तापमानाला २० मिनिटे. मग थंड एसटीसीने भरपूर पातळ करा, फिरवा, अलगद उचला. दाट पीईजीतून प्रोटोप्लास्ट खाली बसत नाहीत. पातळ करण्यात कंजुषी केली तर ते वरच्या द्रवाबरोबर ओतले जातात.

प्लेटमध्ये सीसीएमबरोबर ०.५ ते १ मोलर सुक्रोज किंवा सॉर्बिटॉल हवे, नाहीतर भित्ती पुन्हा तयार होण्याआधीच प्रोटोप्लास्ट फुटतात. पहिली रात्र औषधाशिवाय ५० अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी टर्बिनाफिन घातलेला पातळ अगार वरून ओता.

इथे हिशेबाची एक चूक हमखास होते. खालचा थर २० मिलीलिटर आणि वरचा १० मिलीलिटर असेल तर औषध शेवटी ३० मिलीलिटरमध्ये पसरते. अंतिम मात्रा ०.५ मायक्रोग्रॅम हवी असेल तर वरच्या थरात मिलीलिटरला १.५ मायक्रोग्रॅम घालायला हवे. ०.५ च घातले तर सगळी प्लेट वाढते आणि ट्रान्सफॉर्मेशन भन्नाट झाले असे वाटते.

प्रत्येक वेळी तीन कंट्रोल प्लेटा ठेवाच. डीएनएशिवाय, औषधासह: इथे काही वाढता कामा नये. डीएनएशिवाय, औषधाशिवाय: प्रोटोप्लास्ट जिवंत आहेत का ते कळते. तिसरी, प्रोटोप्लास्ट साध्या पाण्यात फोडून औषधाशिवाय लावलेली: यात जे वाढते ते न विरघळलेले तंतू. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लेटीत सारखीच वाढ असेल तर तुमच्याकडे प्रोटोप्लास्ट नाहीत, तंतूंचे तुकडे आहेत. डीएनए बदलत बसू नका, सहाव्या पायरीवर परत जा.

८. कॉलन्यांची छाननी

साधारण दोन ते पाच दिवसांत वरच्या थरातून कॉलन्या बाहेर येतात. आधी आलेल्या, वरच्या थराच्या पृष्ठभागावर पोहोचलेल्या उचला. तंतूंमध्ये अनेक केंद्रके असल्याने एका कॉलनीत बदललेली आणि न बदललेली केंद्रके एकत्र नांदतात. म्हणून औषधाच्या प्लेटीवर किमान तीन वेळा, दर वेळी अगदी बाहेरच्या कडेचा बारीक तुकडा घेऊन पुढे न्या.

औषधाला दाद न देणारी प्रत्येक कॉलनी तुमचे प्रथिन बनवत नाही. प्लाझ्मिड बसताना तुटते आणि कधी फक्त मार्करचा भाग टिकतो. बसलेल्या जागेनुसारही उत्पादन कमी-जास्त होते. निदान १२ ते २० कॉलन्या छोट्या कल्चरमध्ये वाढवा, थोडे मायसेलियम एसडीएस बफरमध्ये थेट उकळा आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याची चाचणी) करा. प्रोटीन-ए असल्याने पीएपी हे एकच अँटिबॉडी मिश्रण पुरते. जेलच्या शेजारच्या घरात मूळ स्ट्रेन हवाच. अपेक्षेपेक्षा लहान पट्ट्यांची रांग दिसली तर प्रथिन तुटते आहे. असा ट्रान्सफॉर्मंट (डीएनए आत घेतलेली कॉलनी) घेऊन पुढे जाऊ नका.

सर्वात ठळक पट्टीचा नव्हे, तर पूर्ण लांबीची स्वच्छ पट्टी आणि मूळ स्ट्रेनइतकीच वाढ असलेला ट्रान्सफॉर्मंट निवडा. दोन-तीन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मंट गोठवून ठेवा.

९. मोठे कल्चर आणि दळण

बारीक केलेले पूर्व-कल्चर एक ते चार लिटर माध्यमात घालून ५५ अंशांवर रात्रभर वाढवा. वाढ जोरात असतानाच काढा. रायबोसोमच्या पूर्वावस्था तर वाढ मंदावली की झपाट्याने घटतात. जाळीवर गाळा, पाण्याने धुवा, कागदांत दाबून शक्य तितके कोरडे करा आणि लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका. गाळण्यापासून गोठवण्यापर्यंतचा वेळ मिनिटांत मोजा. खोलीचे तापमान म्हणजे या बुरशीला कडाक्याची थंडी, ती तसा प्रतिसाद देऊ लागते.

पेशीभित्ती चिवट असते. काचमण्यांनी फोडताना नमुना तापतो, फेस येतो. गोठलेलेच दळणे उत्तम: मिक्सर मिलचे भांडे नायट्रोजनमध्ये थंड करून ३० हर्ट्झवर दोन-तीन मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर पुन्हा थंड. मैद्यासारखी पावडर झाली पाहिजे. ती उणे ८० अंशांवर ठेवता येते.

उरलेले सगळे कल्चर १२१ अंशांवर किमान ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा.

१०. शुद्धीकरण

१० ते २० ग्रॅम पावडरीपासून सुरुवात करा. ग्रॅमला २ ते ३ मिलीलिटर बफर: ५० मिलीमोलर ट्रिस सामू ७.५, १०० मिलीमोलर सोडियम क्लोराइड, २ ते ५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ५ टक्के ग्लिसरॉल, ०.१ टक्के एनपी-४०, १ मिलीमोलर डीटीटी आणि प्रोटिएजरोधके. त्यांतले पीएमएसएफ पाण्यात लवकर निकामी होते, ते ऐनवेळी घाला. पावडर बफरमध्ये वितळू द्या, ४ अंशांवर ३५,००० जी ला ३० मिनिटे फिरवा, वर तरंगणारा चरबीचा थर टाळून मधला द्रव घ्या.

आयजीजी-सेफरोज २०० मायक्रोलिटर, ४ अंशांवर दीड ते दोन तास. स्तंभात घेऊन भरपूर धुवा. टीईव्ही १६ अंशांवर दोन तास. सुटलेला द्रव फ्लॅग-अगारोजवर एक तास, धुणे, आणि मिलीलिटरला १०० ते २०० मायक्रोग्रॅम फ्लॅग पेप्टाइडने सोडवणे. नमुना सूक्ष्मदर्शकाच्या ग्रिडवर जाणार असेल तर शेवटच्या धुण्यात ग्लिसरॉल वगळा आणि एनपी-४० ०.०१ टक्क्यावर आणा.

मीठ हे इथले खरे नियंत्रण आहे. उष्णताप्रिय संकुले घट्ट असतात, म्हणून ३०० मिलीमोलर मिठाने बिनधास्त धुवावे, असा सल्ला मिळतो. गाभ्यासाठी तो बरोबर आहे. पण वाढीचे ५५ अंश आणि तुमचे ४ अंश यांत फरक आहे. ऊब असताना टिकणारे काही दुवे जलविरोधी असतात आणि थंडीत सैल पडतात. पहिल्यांदा ८०, १५० आणि ३०० मिलीमोलर असे तीन नमुने शेजारी चालवा आणि कोणता जोडीदार कुठे गळतो ते जेलवर पाहा.

मूळ, टॅग नसलेल्या स्ट्रेनची तेवढीच पावडर तसेच सगळे टप्पे करून शेजारी ठेवा. त्यात ज्या पट्ट्या येतात त्या तुमच्या संकुलाच्या नाहीत. उष्माघात प्रथिने आणि रायबोसोमची प्रथिने नेहमीची पाहुणी. निगेटिव्ह स्टेनमध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी रंगवलेल्या नमुन्यात) मोठे, सुबक, पिंपासारखे कण दिसले तर ते फॅटी अ‍ॅसिड सिंथेस असण्याची शक्यता आधी तपासा. बुरशीतले हे संकुल सुमारे २.६ मेगाडाल्टनचे, मुबलक आणि फोटोत फार देखणे असते.

११. कार्य तपासताना

संकुलाची क्रिया मोजायची असेल तर २५ अंशांना मोजून 'निष्क्रिय' असे लिहू नका. ही एन्झाइमे थंडीत संथ असतात. ४५ ते ५५ अंशांना मोजा, आणि ट्रिस बफरचा सामू त्याच तापमानाला जुळवा. ट्रिसचा सामू दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ७.५ असलेला बफर ५५ अंशांना ६.७ च्या आसपास पोहोचतो आणि काही संकुलांना तेवढा फरक पुरेसा असतो. हेपीस बफरमध्ये हा उतार साधारण निम्मा आहे. यीस्टमधली जोडीदार प्रथिने किंवा मध्यम तापमानाची सहायक एन्झाइमे एकाच नळीत घालणार असाल तर आधी प्रत्येक घटक ४५ अंशांवर दहा मिनिटे एकटा ठेवून, फिरवून, साका पडतो का ते पाहा.